पाण्यात उतरण्यास सक्त मनाई

१९ एप्रिल, रविवार

बावखल आणि डबकं यात फरक काय?

मला उत्तर देता आलं नाही. बी.एस्सी. पर्यावरणशास्त्र, ६८ टक्के, घरातली पहिली ग्रॅज्युएट. सर्टिफिकेट फ्रेम करून फ्रीजच्या वर लावलंय. आणि प्रश्न विचारणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गावात, उमेळ्यात आला होता.

तो आरोग्य खात्याचा. परवा आला. आमच्या वाडीला लागून 'लगून हाइट्स' नावाची सात मजली सोसायटी झालीय. तिथल्या लोकांनी तक्रार केली की शेजारच्या डबक्यातून डास येतात. मी म्हटलं, ते डबकं नाही, बावखल आहे. तो म्हणाला, फरक सांगा. मी म्हटलं, हे जुनं आहे. तो म्हणाला, बरं, मग जुनं डबकं लिहितो.

काठावरून बघणाऱ्याला तसं वाटेलही. अर्ध्या पाण्यावर जलपर्णी, उरलेल्या अर्ध्यात अळ्या. त्याने पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन मला दाखवल्या. वळवळत होत्या. १ जूनला तो परत येणार. तोवर पाणी मोकळं झालं नाही तर बावखल बुजवायची शिफारस करणार. भरावाचे ट्रक आमच्याकडे बोलवावे लागत नाहीत, ते आपणहून येतात.

बावखल बुजलं की आईचा मोगरा संपला. बोअरचं पाणी दोन वर्षांपासून खारट येतंय. आईचा मोगरा आणि शेजारच्या मार्सेल अंकलची केळी, दोन्ही वाडीतल्या याच गोड्या पाण्याच्या तळ्यावर. पहाटे कळ्या तोडून आई गजरे करते आणि स्टेशनबाहेर विकते. मी त्या गजऱ्यांवर शिकले.

निश्चय: बावखल मी वाचवणार. सहा आठवडे आहेत. पुष्कळ झाले.

२१ एप्रिल, मंगळवार

'उमेळे बावखल संवर्धन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष मी. सचिव प्रीतल, माझी कॉलेजची मैत्रीण, एव्हरशाईन सिटीत राहते, डिझाइन छान करते. सदस्य माझा भाऊ हितेशदादा. दादा रिक्षा चालवतो, त्याला वेळ नसतो, तो नाही म्हणाला होता. पण दोघींची समिती बरी दिसत नाही.

लोगो तयार. पान, थेंब, सूर्य आणि दोन हात. प्रीतल म्हणाली, एखादा मासा टाकूया का? जागा उरली नव्हती.

२२ एप्रिल, बुधवार

व्हॉट्सॲप ग्रुप केला. ११२ सदस्य. रविवारी सकाळी सात वाजता श्रमदान, असा मेसेज टाकला. एकसष्ट जणांनी अंगठा पाठवला. प्रतिसाद अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा. एकसष्ट माणसं काठावर मावतील का, ही आता खरी चिंता.

दादा म्हणाला, अंगठा दाखवणं म्हणजे काय ते आपल्यात सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या नकारात्मकतेकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं.

२६ एप्रिल, रविवार

श्रमदान यशस्वी. उपस्थिती नऊ. त्यात माझ्या कॉलेजचे पाच जण. काम चाळीस मिनिटं, फोटो ११४, जलपर्णी दोन टोपल्या.

पण आज मोठा शोध लागला. प्रीतल पांढरे बूट घालून गुडघाभर पाण्यात उतरली आणि किंचाळली. तिच्या पायाला काहीतरी लागलं. मी हात घातला तर मरळ! माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. काठावर मार्सेल अंकल उभे होते. ते ओरडले, बाय, सोडू नको, धर! घट्ट धर!

मी अर्थातच सोडली. निसर्गाचं निसर्गाला.

मार्सेल अंकल डोक्याला हात लावून काठावरच बसले. वन्यजीव इतक्या जवळून पाहिला की माणूस भावुक होतो.

२९ एप्रिल, बुधवार

रात्रभर विचार केला. इतके दिवस आपण बावखल म्हणजे पाणी समजत होतो. ते अधिवास आहे. मरळ, शिवडे, वांब असे मासे, वर खंड्या, पाणकावळा. अधिवास म्हटला की संरक्षण आलं.

बोर्डाचा मजकूर पक्का केला: 'जैवविविधता संरक्षित क्षेत्र. पाण्यात उतरण्यास व मासे पकडण्यास सक्त मनाई. आदेशावरून.' आदेश कुणाचा ते लिहिलं नाही. त्यामुळे वजन येतं.

बाबा वालीवला एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहेत. त्यांना फ्रेम कराल का विचारलं. मोजमाप घेऊन गेले.

२ मे, शनिवार

बोर्ड लागला. बाबांनी जेवणाच्या सुट्टीत फ्रेम केली, आठ फुटी खांब केला, दोन फूट खड्डा खणून सिमेंटमध्ये बसवला. मग खांबाला खांदा लावून ढकलून पाहिलं. हलला नाही. बाबा हसले. माझ्या कुठल्याही मार्कांना ते असे हसले नव्हते.

आई मोगऱ्याला पाणी लावून येत होती. थांबून बोर्ड वाचला. मला म्हणाली, मग या वर्षी उपसा कधी?

उपसा म्हणजे इथली जुनी पद्धत. मे महिन्यात पाणी कमी झालं की तिसऱ्या रविवारी बावखलाचे सगळे हिस्सेदार पाण्यात उतरतात आणि मासे धरतात. मी लहानपणी जायचे. चिखल, आरडाओरडा, साडीच्या झोळीत शिवडे. मजा यायची. पण मजा आणि परिसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आईला अन्नसाखळी समजावून सांगितली. मासे अळ्या खातात, म्हणून मासे हवेत, म्हणून उपसा नको. वीस मिनिटं बोलले.

आई म्हणाली, बरं.

आईला पटलं.

३ मे, रविवार

दुसरं श्रमदान. उपस्थिती तीन. लग्नसराई.

नियम सगळ्यांना सारखा, म्हणून अध्यक्षही पाण्यात उतरले नाहीत. काठावरून साफसफाई करण्यासाठी बाबांनी लोखंडी आकडा करून दिलाय, त्याला दोरी. फेकायचा आणि ओढायचा. तासाभरात एक टोपली जलपर्णी, एक पाण्याची बाटली आणि दादाची चप्पल निघाली. चप्पल त्याने काठावर काढून ठेवली होती, ती पाण्यात कशी गेली यावर वाद झाला.

मार्सेल अंकल पागेर खांद्यावर टाकून आले. ते फेकायचं जाळं. म्हणाले, बाय, उतरायचं का नाय? मी बोर्डाकडे बोट केलं. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग 'आदेशावरून' पुन्हा वाचलं. म्हणाले, कोनाच्या? मी म्हटलं, समितीच्या. म्हणाले, समिती म्हंजे कोन? मी म्हटलं, मी.

पागेर घेऊन परत गेले. गावाला शिस्त लागतेय.

९ मे, शनिवार

लगून हाइट्सच्या क्लब हाउसमध्ये माझं व्याख्यान. विषय: 'आपला शेजारी, आपलं बावखल'. झुंबा आणि भजन यांच्या मधली बारा मिनिटं मिळाली. श्रोते सात. त्यातल्या चौघांना वाटलं, मी डासांची फवारणी करायला आलेय.

एक बाई म्हणाल्या, आम्हाला फ्लॅट विकताना लेक व्ह्यू सांगितला होता. मी म्हटलं, तो हाच. त्या म्हणाल्या, हा बुजवून दुसरा चांगला करता येणार नाही का?

सेक्रेटरी सज्जन आहेत. पाणी देऊन म्हणाले, मॅडम, आमचं तुमच्याशी काही नाही, आमचं डासांशी आहे. संवाद सुरू झाला, हे महत्त्वाचं.

१२ मे, मंगळवार

पांढरी वाटी घेऊन अळ्या मोजल्या. चौदा. आरोग्य खात्याच्या माणसाला अकरा सापडल्या होत्या.

असं व्हायला नको. मासे सुरक्षित आहेत, म्हणजे अळ्या कमी व्हायला हव्यात. नमुना चुकीच्या जागी घेतला असणार. दुसऱ्या जागी घेतला. एकवीस. आता पहिलीच जागा योग्य वाटते.

दादा म्हणाला, जलपर्णीखाली मासे आणि जलपर्णीच्या वर अळ्या, मग मासे काय जिना चढून जातील? त्याचा या विषयाचा अभ्यास नाही.

१५ मे, शुक्रवार

संध्याकाळी मार्सेल अंकल आणि अँजेलिना आंटी घरी आले. आंटी एकट्या राहतात, बावखलात त्यांचाही हिस्सा आहे, गुडघ्यांमुळे काठी घेऊन चालतात. मला वाटलं बाबांकडे आले. पण खुर्ची माझ्यासमोर ओढली.

अंकल म्हणाले, अध्यक्षबाय, परवा तिसरा रविवार. चर्चात मिसा झाली की उपसा करायचा ना? मी नाही म्हटलं. मरळीचा हा अंडी घालायचा काळ जवळ आलाय, असं सांगितलं. आंटी म्हणाल्या, बाय, मरळ तर माझ्या सासूच्या सासूपासून आमी खातो, ती संपली का? मी म्हटलं, आंटी, हवामान बदललंय. त्या म्हणाल्या, हवामानाला विचार, चिंचेच्या कालवनाचं काय करू.

परंपरा तोडणारी मुलगी, असा शिक्का मला नकोय. म्हणून तिथल्या तिथे तोडगा काढला. रविवारी उपसा होईल, पण प्रतीकात्मक. प्रत्येक घरातून माणसांनी काठावर यायचं आणि बावखल रक्षणाची शपथ घ्यायची.

मार्सेल अंकल आंटींना काठी देऊन उठले. म्हणाले, शपथेचं कालवन होतं का गं?

सगळे हसले. वातावरण मोकळं झालं.

१७ मे, रविवार

आजवरचा सर्वांत मोठा कार्यक्रम!

बेचाळीस माणसं! मिसा सुटल्यावर अर्धे, देवळाकडून अर्धे. काठ भरून गेला. लोक पागेर, घमेली, टोपल्या, जुन्या साड्या घेऊन आले होते. अँजेलिना आंटींनी तर काठी एका हातात आणि केवढं तरी पातेलं दुसऱ्या हातात आणलं होतं. मेसेज पूर्ण वाचत नाहीत लोक. पण आले, हे खरं.

मी स्टुलावर चढून शपथ सांगितली. 'मी या बावखलात पाय ठेवणार नाही. यातील जिवांना त्रास देणार नाही व इतरांना देऊ देणार नाही.' बेचाळीस जण घमेली हातात धरून माझ्यामागून बोलले. अंगावर काटा आला. नंतर सगळ्यांनी रिकामी घमेली डोक्यावर घेतली. एकेक करून निघून गेले. इतकं गंभीर वातावरण मी उमेळ्यात कधी पाहिलं नव्हतं.

प्रीतलने व्हिडिओ केला. लाइक भरपूर.

दुपारी घरी डाळ. आई म्हणाली, या दिवशी घरात डाळ शिजली असं आजवर झालं नाय. मी म्हटलं, डाळीत प्रथिनं असतात. आई वाडीत निघून गेली.

२० मे, बुधवार

पाण्याला वास येतोय. जलपर्णी पाऊण भागावर गेली. उरलेल्या पाण्यात मासे तोंड वर काढून श्वास घेतायत. प्रीतल म्हणाली, किती क्यूट. मला ते क्यूट वाटलं नाही, पण तसं बोलले नाही. सचिवांचं मनोबल टिकलं पाहिजे.

लोकांची अनास्था हाच मूळ रोग आहे. बेचाळीस जणांनी शपथ घेतली, आणि त्यानंतर जलपर्णी काढायला एकही जण फिरकला नाही. एकही नाही! मला कळत नाही, यांना बावखल हवंय की नको?

२१ मे, गुरुवार

आरोग्य खात्याच्या वरिष्ठांना ईमेल लिहिला. चार पानं, ११४ फोटो जोडले. गेला नाही, फाइल फार मोठी. फोटो दोन भागांत विभागले. दोन्ही भाग गेले नाहीत. मजकूर गेला की नाही, ते कळायला मार्ग नाही.

२२ मे, शुक्रवार

गाळ काढायला बोलावलेला जेसीबीवाला पाहून गेला. गल्ली अरुंद. आलाच तर लगून हाइट्सची भिंत पडेल. आणि खाली उतरवला तर, त्याच्या शब्दांत, याला बाहेर काढायला दुसरा बोलवावा लागेल, आणि त्याला काढायला तिसरा.

आईचा पंप बंद पडला. पाइपच्या तोंडाशी गाळ आणि मुळं. आईने फूट वॉल्व्ह काढून धुतला, पुन्हा लावला, पुन्हा चोंदला. आज तिने कळशीने मोगऱ्याला पाणी घातलं. बावीस कळशा. मी मोजल्या. नंतर लक्षात आलं, मोजण्याऐवजी उचलता आल्या असत्या. पण तेव्हा माझा झूम कॉल होता.

कळ्या बारीक आल्यात. आई हल्ली फार गप्प असते. उन्हाळा तिला सोसत नाही.

२४ मे, रविवार

आज फार काम झालं. नीट लिहिते.

आठवडा उरलाय. निदान अहवाल भक्कम हवा, म्हणून 'पारंपरिक ज्ञान नोंदणी' असा फॉर्म केला, अठरा प्रश्नांचा, आणि आईला समोर बसवलं. ती गजरे ओवत होती.

प्रश्न ४: पूर्वी बावखलाची साफसफाई कोण करीत असे? आई म्हणाली, कोनी नाय.

मला आनंद झाला. निष्कर्ष लिहिला: 'पूर्वी साफसफाईची कोणतीही यंत्रणा अस्तित्वात नव्हती.' म्हणजे समिती ही पहिलीच.

प्रश्न ५: मग पाणी स्वच्छ कसे राहत असे? आई दोरा दातात धरून म्हणाली, मासे धरायचे ना. मी म्हटलं, माशांचं नाही विचारत, सफाईचं विचारतेय. ती म्हणाली, तेच सांगते. पागेर टाकायचं तर वरचा पाला आड येतो. मग पयला पाला काढून काठावर टाकायचा. मरळ बसते चिखलात. मग चिखल उपसायचा. घमेल्याने घमेल्याने वर द्यायचा. वर बायका उभ्या, त्या चिखल घेऊन जातात, कोन मोगऱ्याला, कोन केळीला. त्यासारखं खत नाय. दुपारपर्यंत तळ दिसतो.

मी विचारलं, आणि सगळेच मासे संपले तर? आई हसली. म्हणाली, बारके सोडून देतात परत. नायतर पुढच्या साली काय धरनार, तुझी समिती?

मग म्हणाली, साफसफाईला कोन येतो गं? मासे धरायला सगळे येतात.

मी पेन खाली ठेवलं. जरा वेळाने पुन्हा उचललं, कारण तेरा प्रश्न बाकी होते. एकही विचारला नाही.

२५ मे, सोमवार

दिवसभर विचार. माझी चूक झाली असं म्हणता येणार नाही. पहिल्या टप्प्यात संरक्षण आणि दुसऱ्या टप्प्यात उपसा, असंच नियोजन होतं. म्हणजे असणार होतं.

ग्रुपवर परिपत्रक टाकलं: 'दुसरा टप्पा. रविवार, ३१ मे. लोकसहभागातून जैविक गाळ व्यवस्थापन (मत्स्य घटकासह).'

अंगठे चार.

दादाने विचारलं, म्हणजे मासे धरायचे? मी म्हटलं, मत्स्य घटकासह. दादा म्हणाला, मग तसं लिही ना बाई.

२७ मे, बुधवार

कुणी यायला तयार नाही! मार्सेल अंकलकडे गेले. ते केळीला टेकू लावत होते. म्हणाले, बाय, आमी शपथ घेतलीय. मी म्हटलं, अंकल, ती प्रतीकात्मक होती. म्हणाले, शपथ ती शपथ. मोडली तर कन्फेशनला फादरला काय सांगू? कोनाची शपथ मोडली? मरळीची?

मी रडकुंडीला आले. खरं सांगितलं. म्हटलं, अंकल, सोमवारी तो माणूस येणार, बावखल बुजवणार, आणि आईचा मोगरा जाणार. आणि तुमची केळी. आणि बोर्ड मी लावला.

अंकलनी टेकू नीट बसवला, हात पुसले. म्हणाले, शपथ तू दिली, तूच सोडव. पयला तुझा बोर्ड काढ. मग तू उतर. अध्यक्षबाय पयली.

ते फार धार्मिक आहेत. त्यांच्या भावनेचा आदर केला पाहिजे.

२९ मे, शुक्रवार

बोर्ड निघत नाही.

मी आणि दादाने दोन तास खांब हलवला. बाबा कामावरून आले, डबा खाली ठेवला, खांबाला खांदा लावून पाहिलं. समाधानाने म्हणाले, चांगला बसलाय. मी म्हटलं, बाबा, काढायचाय. त्यांचा चेहरा पडला. नंतर म्हणाले, काढायला ड्रिल लागेल, ते वर्कशॉपमध्ये. उद्या तिथे सुट्टी आहे. आणि मग हळूच म्हणाले, नुसता कपडा निघतो.

फ्लेक्सचे सोळा स्क्रू त्यांनी एकेक करून काढले. खांब राहिला.

३१ मे, रविवार

मिसा साडेआठला सुटली. नऊ वाजता काठावर सगळे उभे. पागेर, घमेली, पातेली, साड्या, सगळं होतं. पण कुणी हलेना. सगळे माझ्याकडे बघतायत. मी दोन शब्द बोलायचं ठरवलं होतं, कागद खिशात होता. मार्सेल अंकल म्हणाले, भाषन नको, उतर.

उतरले. दुसऱ्याच पावलाला घसरले आणि गळ्यापर्यंत आत गेले. चष्मा गेला. कागदही. वरून जो आवाज आला तसा मी शाळेच्या मैदानातही ऐकला नव्हता. पुढच्या मिनिटाला पन्नास माणसं पाण्यात.

पाला पाऊण तासात बाहेर. पाऊण तासात! आम्ही चार आठवडे आकडा फेकत होतो. कारण सोपं होतं, पाल्याखाली मासे होते आणि लोकांना ते हवे होते. कुणी कुणाला सूचना देत नव्हतं, नुसते ओरडत होते. ए, डाव्या अंगाला गेली! ए, पाय हलव, म्हातारे, तुझ्या पायाखालीच आहे! चिखलाची घमेली हातोहात वर जात होती. मी रांगेत उभी होते, माझ्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला कोण ते चष्म्याशिवाय दिसलं नाही. नंतर कळलं, लगून हाइट्सचे सेक्रेटरी. ते पिशवी घेऊन मासे विकत मागायला आले होते. अंकल म्हणाले, विकत नाय, खाली उतर, वाटा घे. ते हाफ पँटमध्ये होते, उतरले.

बोर्डाच्या उरलेल्या खांबावर लोकांनी शर्ट, डबे आणि अँजेलिना आंटींची छत्री लटकवली. बाबा लांबून खांबाकडे बघत होते.

माझा चष्मा एका टोपलीत शिवड्यांबरोबर सापडला. एका बाईने पदराने पुसून दिला.

बारके मासे परत पाण्यात सोडले. मग वाटे. फ्लेक्स गवतावर पसरला, त्यावर ढीग लावले. 'सक्त मनाई'वर बरोबर मधोमध मरळी आल्या. रिवाज असा की ढिगांकडे पाठ करून एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने ढिगाला हात लावून विचारायचं, हा कुणाचा? पाठ केलेल्याने नाव घ्यायचं. पाठ आई करते. मला आठवतंय तेव्हापासून आईच करते. अंकलनी विचारलं, हा कोनाचा? आई म्हणाली, अँजेलिनाचा. ती थांबली नाय तरी तिचा वाटा पयला. आंटी सकाळी छत्री ठेवून, गुडघे दुखतात म्हणून घरी गेल्या होत्या.

शेवटी कुणीतरी विचारलं, समितीचा वाटा? आई मागे न वळता म्हणाली, समिती जेवते कुठं? आमच्याच घरी ना?

दुपारी दीड वाजता बावखलाचा तळ एका बाजूला दिसला आणि तिथून पाणी झिरपायला लागलं. गोडं. मी पिऊन पाहिलं.

अहवालात ह्या कामाचं शीर्षक काय द्यावं, यावर जेवताना विचार करत होते. जेवताना झोप लागली.

१ जून, सोमवार

तो माणूस अकरा वाजता आला. मी बासष्ट पानांची फाइल घेऊन उभी. त्याने वाटी बुडवली, पाहिली. वाटीत चिखल आणि एक बारका शिवडा. ओतून दिलं. विचारलं, कसं केलंत हे? मी फाइल उघडेपर्यंत मार्सेल अंकल म्हणाले, काय नाय, मासे धरले. त्याने लिहिलं, 'तक्रार निकाली.' चार मिनिटांत गेला. फाइल त्याने पाहिली नाही.

दुपारी सेक्रेटरींचा मेसेज. पाठ धरलीय, पण मरळ फार चवदार होती. ता.क.: काठावरच्या चिखलाच्या वासाबद्दल दोन फ्लॅटधारकांची तक्रार आहे.

आईचा पंप सुरू झाला. तिने आणि मी सकाळी काठावरचा चिखल मोगऱ्याच्या आळ्यांत भरला. तिची अकरा घमेली, माझी चार. हात वर जात नाहीत, अक्षर त्यामुळे असं येतंय.

प्रीतलचा फोन. एव्हरशाईन सिटीत पर्यावरण दिनाला माझं भाषण ठेवलंय, 'बावखल वाचवणारी तरुणी'. तिने पोस्टर केलंय. मी नाही सांगितलं. ती म्हणाली, पण का, जमलं ना सगळं? मी म्हटलं, जमलं म्हणूनच. तिला कळलं नाही, आणि मला याहून नीट सांगता आलं नाही.

मग बसून अध्यक्षपदाचा राजीनामा लिहिला. चांगल्या जाड कागदावर, तीन परिच्छेद, कारणांसह. द्यायचा कुणाला, ते कळेना. अध्यक्ष मीच, सचिव प्रीतल एव्हरशाईन सिटीत, दादा रिक्षावर होता. म्हणून आईला दिला.

आईने कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, चांगला जाड आहे. फ्रीजमधून अँजेलिना आंटींच्या वाट्याच्या दोन वांबी काढल्या, त्यात गुंडाळल्या आणि माझ्या हातात दिल्या. म्हणाली, गळायच्या आत पोचव.

पोचवून आले.